मधल्या फळींतील गडी

सेलूसारख्या गांवांत सायंकाळीं पटांगणावर मुलें फुटबॉल खेळावयास जमलीं, कीं पहिलें भांडण ठरलेलें असतें : पुढें कोणीं खेळावयाचें? गोल प्रत्येकालाच करावयाचा असतो. मध्यें राहून दुसऱ्यास चेंडू पुरविण्याचें काम कोणालाच नको असतें. पण दोष एकट्या मुलांचा नव्हे. घरच्या पंगतींतही आपण पक्वान्नाची वाखाणणी करतों. हवें तें हव्या वेळीं पानांत वाढणाऱ्याचें नांव कितीजण घेतात? म्हणूनच मधल्या फळींत खेळून गेलेल्या एका गोमंतकीय गड्याची हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

फॉर्चुनॅटो फ्रँको हे मूळचे गोव्यांतील कोलवाळचे. त्यांचा जन्म १९३७ सालचा. मुंबईंत टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळतांना ते नांवारूपास आले. त्यांची जागा हाफबॅकची. प्रतिपक्षाच्या पायांतील चेंडू काढून घ्यावयाचा, आपला कोणता गडी मोकळा आहे हें क्षणांत हेरावयाचें, चेंडू त्याच्या पुढ्यांत टाकावयाचा आणि पुन्हां बचावासाठीं मागें धावावयाचें, असें हें काम. गोल झाला तर टाळ्या दुसऱ्यास. गोल चढला तर मात्र बोल यालाच!

१९६० सालीं रोम येथील ऑलिंपिकसाठीं भारतीय संघांत त्यांची निवड झाली. परंतु एकाही सामन्यांत मैदानावर उतरण्याची संधि मिळाली नाहीं. हंगेरीकडून झालेला पराभव, फ्रान्सशीं झालेली बरोबरी, पेरूकडून पुन्हां पराभव, हें सारें त्यांना बाहेर बसूनच पाहावें लागलें. ऐन उमेदीच्या खेळाडूस याहून कठीण परीक्षा कोणती?

त्या प्रतीक्षेचें फळ १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत मिळालें. शिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगानें आंतून पोखरले जात होते. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास २-० असें हरविलें. पुढें थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांस नमवून भारत अंतिम सामन्यांत आला, तों समोर पुन्हां तोच दक्षिण कोरिया! इस्रायल व तैवान यांना यजमानांनीं वगळल्याबद्दल एका भारतीय क्रीडाधुरीणानें आक्षेप घेतला होता. त्यामुळें सुमारें एक लाखाचा प्रेक्षकसमुदाय भारतावर रुष्ट होता. ४ सप्टेंबरच्या त्या सामन्यांत मधली फळी प्रशांत सिन्हा व फ्रँको यांनीं सांभाळली. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि डोक्याला जखम असतांही खेळणारे जर्नेलसिंग यांनीं गोल केले आणि भारतानें २-१ असें सुवर्णपदक जिंकलें. गोल करणाऱ्यांत फ्रँकोंचें नांव नाहीं; सुवर्णपदकावर मात्र त्यांचा हक्क तितकाच आहे.

याच जागेवर खेळणारा एक थोर खेळाडू त्याच काळीं सोव्हिएट संघांत होता. मॉस्कोच्या स्पार्टाकचा ईगोर नेट्टो देशाकडून ५४ सामने खेळला. गोल केले अवघे चार! तरीही १९५६ चें ऑलिंपिक सुवर्णपदक आणि १९६० चा युरोपीय करंडक सोव्हिएट संघानें त्याच्याच नेतृत्वाखालीं जिंकला. १९६२ च्या विश्वचषकांत उरुग्वेविरुद्ध चिस्लेंकोनें मारलेला चेंडू जाळीच्या बाजूच्या भोकांतून आंत गेला व पंचांनीं गोल दिला. नेट्टोनें आपल्या गड्यास विचारून खात्री करून घेतली आणि हा गोल नव्हे, असें स्वतः पंचांस सांगितलें. गोल रद्द झाला. सामना मात्र त्याच्याच संघानें २-१ असा जिंकला.

फ्रँकोंनीं पुढें महाराष्ट्राच्या संघाकडून संतोष करंडकही जिंकला. १० मे २०२१ रोजीं ते निवर्तले. मुलगा खेळून घरीं परतला, कीं 'किती गोल केलेस?' असें आपण सहज विचारतों. एखादे दिवशीं 'कोणाला चेंडू दिलास?' असेंही विचारून पाहावें. पटांगणावरचें तें भांडण कदाचित् तेथूनच मिटूं लागेल.