काचेपलीकडचे पाणी

पुण्यातील संभाजी उद्यानाचे मत्स्यालय आणि मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ही अनेक मराठी कुटुंबांच्या सुट्टीतील सहलींची ठिकाणे होती. काचेला नाक लावून पाहिलेले ते मासे मोठे वाटत, आणि तसे वाटण्याला कारण होते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्याने प्रकाशकिरण हवेत येताना वळतात. समोरून पाहताना चार हातांवरचा मासा तीन हातांवर आल्यासारखा, म्हणून मोठा दिसतो.

काचेतून पाण्यात पाहण्याच्या याच गमतीवर अमेरिकेतील फ्लोरिडात एक अनोखा खेळ उभा राहिला. वीकी वाची येथील झऱ्यात न्यूटन पेरी यांनी १९४७ मध्ये महामार्गालगत पाण्याखालचे नाट्यगृह बांधले. जलपरीच्या वेशातील जलतरणपटू तिथे पाण्यात केळीही खात. त्या पाठीवर टाकी बांधत नसत. हवेच्या नळीतून अधूनमधून श्वास घेत. छातीत हवा भरली की शरीर वर येते, सोडली की खाली जाते. एका जागी तरंगत राहण्याचे सारे कसब फुप्फुसांवरच्या या ताब्यात होते.

प्रेक्षकांना मात्र त्या जितक्या स्पष्ट दिसत, तितके त्यांना प्रेक्षक दिसत नसत. डोळ्यातील पारपटलाचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास असल्यामुळे पाण्यात उघड्या डोळ्यांनी सारे धूसर होते. त्या धूसरतेतच हसतमुखाने नृत्य करणे ही मोठी कला होती. तो खेळ आजही चालतो. २००८ पासून ते ठिकाण राज्य उद्यान आहे.