फायबरच्या होडीवर विंच बसविताना

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांत सागवानी होड्यांच्या जोडीला फायबरग्लासच्या होड्या आज सर्रास दिसतात. मच्छीमार त्यांना नुसते ‘फायबर’ म्हणतात. ही होडी वजनाला हलकी असते. तिला समुद्रातील किडा लागत नाही आणि दरवर्षी फळ्यांच्या फटी बुजवाव्या लागत नाहीत. या गुणांमुळे ती लोकप्रिय झाली आहे. परंतु तिच्यावर एखादे यंत्र बसवावयाची वेळ आली, की लाकडी होडीवरील जुनी सवय अनेकदा दगा देते.

नांगर ओढण्याचा विंच, जाळे ओढण्याची कप्पी आणि गळ खोल पाण्यात नेण्यासाठी वजन सोडणारा डाउनरिगर ही सारी एकाच जातीची साधने होत. त्यांच्यावर येणारा ताण शेवटी होडीच्या काही इंच पृष्ठभागावर पडतो. तो भाग उखडला, तर केवळ यंत्रच समुद्रात जाते असे नाही. होडीला भोक पडते आणि भर वाऱ्यात नांगर सुटल्यास माणसांच्या जिवावर बेतते.

लाकूड आणि फायबर यांतील फरक

सागवानाच्या जाड फळीत स्क्रूचे आटे घट्ट बसतात. फायबरग्लासची घडण निराळी आहे. काचेच्या बारीक तंतूंच्या चटया पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसविल्या जातात आणि बाहेरून जेलकोटचा गुळगुळीत थर दिला जातो. हे कवच मजबूत असले तरी पातळ असते. त्यात नुसता स्क्रू पिळला, तर त्याला धरावयास फारसे काही मिळत नाही. वारंवार हिसके बसले, की भोक सैल होते आणि जेलकोटवर ताऱ्यासारख्या चिरा उमटतात.

काही होड्यांचा डेक दोन पातळ थरांचा असून मध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम भरलेला असतो. अशा ठिकाणी बोल्ट आवळला, की मधला गाभा दबतो. भोकातून पाणी झिरपले, तर लाकडी गाभा आतल्या आत कुजतो आणि बाहेरून ते लवकर कळतही नाही. लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. सुस्थितीतील डेकचा आवाज खणखणीत येतो, तर कुजलेल्या जागी तो बद्द येतो.

तरफेचा नियम

शाळेत शिकविला जाणारा तरफेचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो. समजा, डाउनरिगरचा दांडा होडीच्या काठाबाहेर गेला असून बैठकीच्या पुढील कडेपासून त्याच्या टोकापर्यंतचे अंतर 125 सेंटिमीटर आहे. टोकाला 5 किलोचे वजन लोंबकळते आहे आणि मागील बोल्ट पुढील कडेपासून 12.5 सेंटिमीटरवर आहेत. तर त्या बोल्टांवर वर उपसणारा ताण 5 नव्हे, सुमारे 50 किलोचा येतो. हा हिशेब शांत पाण्यातला झाला. होडी लाटेवर उसळली किंवा वजन खडकात अडकले, तर ताण याच्या कितीतरी पट वाढतो. म्हणूनच बैठक जितकी रुंद आणि दांडा जितका आखूड, तितके बरे.

बसविण्याची रीत

प्रथम जागा निवडावी. ती होडीच्या मजबूत भागाजवळ, म्हणजे आतील फासळी किंवा आडव्या पडद्याच्या वर असावी. खालून हात पोचला पाहिजे. तेलाची टाकी किंवा विजेच्या तारा खाली नाहीत, याची आधी खात्री करावी.

डेकच्या खालच्या बाजूस आधारपट्टी लावणे ही या कामातील मुख्य गोष्ट होय. यंत्राच्या बैठकीपेक्षा सर्व बाजूंनी मोठी, कडा गोलसर केलेली अशी ही पट्टी असावी. रेझिनचा लेप दिलेले मरीन प्लायवूड किंवा जाड फायबरग्लास यासाठी चालते. तिच्यामुळे ताण एका बिंदूवर न येता विस्तृत जागेवर पसरतो. स्क्रूऐवजी आरपार जाणारे, 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, मोठे वॉशर आणि न सुटणारे नट वापरावेत. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील खाऱ्या पाण्यात एकमेकांस चिकटून राहिले, की ॲल्युमिनियम झिजते. दोहोंमध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत.

डेकमध्ये गाभा असल्यास भोक आधी मोठे पाडावे, भोवतालचा गाभा थोडा कोरून काढावा आणि ती पोकळी घट्टसर इपॉक्सीने भरावी. ती पूर्ण वाळल्यावर तिच्यातूनच बोल्टाच्या मापाचे भोक पाडावे. अशा रीतीने पाण्याची वाट बंद होते आणि गाभाही दबत नाही. बैठकीखाली जलरोधक मरीन सीलंटचा थर द्यावा. बोल्ट आवळताना तो सारा बाहेर पिळून निघू देऊ नये.

हे काम कोरड्या हवेत किंवा छपराखाली करावे, कारण ओलाव्यात रेझिन नीट घट्ट होत नाही. फायबर कापताना उडणारी काचेची धूळ श्वासात व डोळ्यांत जाऊ नये, यासाठी तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पॉलिएस्टर रेझिनमध्ये घालावयाचा हार्डनर आणि कोबाल्टचा ॲक्सिलरेटर ही द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यामुळे स्फोट होऊ शकतो.

चाचणी आणि देखभाल

यंत्र बसल्यावर किनाऱ्यावरच हळूहळू ताण वाढवून पाहावे. डेक वाकतो किंवा करकरतो असे दिसल्यास आधार अपुरा आहे, असे समजावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा तपासावेत. पुढेही नव्या चिरा, गंजाचे ओघळ आणि खालच्या बाजूची ओल यांवर नजर ठेवावी.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. काठावर बसविलेल्या यंत्राची दोरी तळाशी अडकली, तर ती हलक्या होडीची एक बाजू पाण्याकडे खेचते. दोरी तत्काळ तोडता यावी, यासाठी धारदार कोयता हाताशी असावा. यंत्राला तारेची दोरी असल्यास ती तोडण्याची कातरी ठेवावी.

होडी बहुधा कर्ज काढून किंवा शासकीय साहाय्याने घेतलेली असते आणि तिच्यावर अख्ख्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो. होडीची पाहणी करणारा अधिकारी, सहकारी संस्थेचा पदाधिकारी आणि किनाऱ्यावरील गावचा पंचायत सदस्य यांनी यंत्र वरून कसे दिसते एवढेच न पाहता डेकखाली वाकून आधारपट्टी आहे की नाही, हे विचारावे. शिक्षकांनी तरफेचा धडा बंदरावरील होडीपाशी नेऊन शिकविला, तर कोळ्यांच्या मुलांना तो अधिक चांगला समजेल आणि घरच्या होडीलाही त्याचा उपयोग होईल.