आधी निदान, मग पाना

खेडोपाडी हिंडताना एखाद्या वाड्याच्या अंगणात, गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली, जुनी स्टेशन वॅगन उभी असलेली आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सकाळी ती बाजारात भाजी नेते, वैशाखात वऱ्हाड नेते, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या घरी दुखणे उद्भवले तर लोक त्याच दाराशी हाक मारतात. अशी गाडी घरच्या घरी कशी सांभाळावी, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे. मी पेशाने मिस्त्री नव्हे. पण अशी एक गाडी माझ्या दारात आहे, आणि तिने मला जो धडा दिला त्याची लाज अजून वाटते. तेव्हा तोच आधी सांगतो.

एका उन्हाळ्यात माझी गाडी दहा-बारा किलोमीटर गेली की गचके देऊन बंद पडू लागली. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होई. मी म्हटले, पेट्रोल पंप खराब असणार. पंप बदलला. दोष तसाच. मग कार्ब्युरेटर खोलला, धुतला, नवे वॉशर घातले. तरी दोष तसाच. पुढे एका रात्री शेजारचे आजोबा छातीत कळ येते म्हणू लागले, म्हणून त्यांना घेऊन तालुक्याला निघालो. अठरा किलोमीटरच्या वाटेत गाडी दोनदा अडली. काळोखात त्यांच्या मुलाने एकदाच विचारले, “सर, चालू होईल ना?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजोबा वाचले, ही दैवाची कृपा. माझी हुशारी नव्हे.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. एवढेच विचारले, “हे असं व्हायच्या आधी गाडीत काय बदललं होतंत?” मी म्हटले, “काही नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवलं होतं, तेवढं बाजारातून आणून बसवलं.” ते हसले. गाडी चालवून आणली, ती गचके देऊ लागताच झाकण सैल केले. सुस्कारा सोडावा तसा हवेचा आवाज आला आणि गाडी सुरळीत चालू लागली. “सर, टाकीला श्वास घ्यायला जागाच नव्हती,” ते म्हणाले.

जुन्या झाकणाला बारीक भोक होते, नव्याला नव्हते. पेट्रोल खर्च होई तशी टाकीत पोकळी होई आणि बाहेरची हवा आत यायला वाट नसे. दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका हवेचा दाब असतो. त्याच्याविरुद्ध पंप तरी किती ओढणार? अहो, हा वायुभार मी वर्गात दरवर्षी शिकवतो! पण वर्गातले ज्ञान अंगणात आले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली.

म्हणून पहिला नियम असा: आधी निदान, मग पाना. दोष दिसला की “काय बदलू?” असे न विचारता “शेवटी काय बदलले होते?” असे विचारावे. यासाठी गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय केले, काय बदलले, एवढे चार शब्द लिहावेत. माझ्या वहीत झाकणाची नोंद असती, तर पंपाचे पैसे वाचले असते आणि ती रात्रही टळली असती.

आता गाडीची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेत आगगाडीच्या स्टेशनावरून उतारू आणि त्यांचे सामान एकत्र नेणाऱ्या गाड्यांना स्टेशन वॅगन हे नाव पडले. आरंभी त्यांची मागची बांधणी लाकडी असे. पुढे १९४६ साली विलीस कंपनीने सबंध पोलादी अंगाची वॅगन काढली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडरचा ‘एस्टेट’ नावाचा प्रकार याच जातीचा. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ॲम्बॅसडर जुनीच समजायची. तिचे जुने पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, १४८९ घनसेंटीमीटरचे. पुढचे विवेचन अशा जुन्या, साध्या पेट्रोल इंजिनाविषयी आहे.

इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवेत मिसळलेले पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी, आणि सिलिंडरमधला दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी कोण गैरहजर आहे, एवढेच शोधायचे. शिक्षक हजेरी घेतो तसे एकेकाला पुकारावे.

प्रथम ठिणगी. एका प्लगची वायर काढून प्लग खोलावा, तो पुन्हा वायरीत घालून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून ठेवावे, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. निळसर, टणक ठिणगी पडली तर ठीक. पिवळी, अशक्त पडली किंवा पडलीच नाही, तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि वायरी पाहाव्यात. प्लग पकडताना कोरडे रबरी आवरण वापरावे, आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करूनच हे करावे. पॉइंटमधले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर आणि प्लगमधले सुमारे ०.६ मिलिमीटर असते. पण आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा तोच खरा मानावा. हे अंतर नजरेने नव्हे, फिलर गेजच्या पातीने मोजावे. एवढा काटेकोरपणा कशाला, असे वाटेल. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. तितक्या वेळा पॉइंट उघडतो आणि मिटतो. तो झिजणारच.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोल पाहावे. टाकीत ते आहे का, जाळी तुंबली आहे का, आणि माझ्यासारखे झाकण तर बसवलेले नाही ना! इथे एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ पासून देशभर पंपावर मिळणारे पेट्रोल बहुधा वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल झिरपू लागले तर आगीला आमंत्रणच. म्हणून नळ्या दर महिन्याला बोटांनी चाचपून पाहाव्यात आणि इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालाव्यात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर असे पेट्रोल टाकीत महिनोन् महिने राहू देऊ नये. ते पाणी शोषून घेते.

ही दोन्ही हजर असूनही इंजिन घेत नसेल तर दाबाची शंका घ्यावी. व्हॉल्व्ह आणि रिंगा ही मात्र जाणत्या मिस्त्रीची कामे.

आता नित्याची देखभाल. यात पाणी, तेल आणि धूळ, या तिघांकडे लक्ष असले की निम्मे दुखणे टळते.

पाणी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावे. विहिरीचे क्षाराचे पाणी घालू नये. हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरावे. रेडिएटरच्या जाळीत गवताचे बी, भुसा, किडे अडकतात, ते आतल्या बाजूने पाणी मारून बाहेर काढावेत. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा इंच दबावा. आणि घाटात पाणी उकळले तर रेडिएटरचे झाकण ताबडतोब उघडू नका! आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरसारखेच ते आहे. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण काढताच मात्र एकदम उसळते आणि तोंड-हात भाजतात. इंजिन बंद करून अर्धा तास सावलीत बसावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही वाईट, त्याने बीड तडकते.

तेलाची पट्टी आठवड्यातून एकदा काढून पाहावी. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये, ते मळ धरून ठेवते एवढाच त्याचा अर्थ. पण दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर तेलात पाणी मिसळते आहे असे समजून गाडी पुढे चालवू नये. तेल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून जातो. हे जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

धुळीचा मार दोन ठिकाणी बसतो: हवेच्या गाळणीवर आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांवर. गाळणी साफ नसेल तर ती धूळ सिलिंडरमध्ये पोहोचते आणि कानशीसारखी घासते. सांध्यांच्या निपलांना ग्रीस गनने ग्रीस भरताना जुने, काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत भरावे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर आला तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, पुसावे आणि व्हॅसलिन लावावे. वायर सोडताना गाडीच्या अंगाला जोडलेली वायर आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी भडका उडणार नाही. फार जुन्या काही गाड्यांत अंगाला धन टोक जोडलेले असते, तेव्हा खूण पाहिल्याशिवाय वायरी जोडू नयेत.

आता ब्रेक. इथे मात्र थट्टा नाही. पायाने दाबलेला दाब तेलातून चारही चाकांना पोहोचतो. पास्कलचा नियम तो हाच. पण बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांची तेलाची वाट एकच असते, त्यामुळे एका चाकाशी गळती झाली तर चौघांचे ब्रेक जातात. यासाठी रोज निघताना गाडी उभी असतानाच पायपट्टी दाबून मिनिटभर धरावी. ती हळूहळू खाली बसू लागली, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. ब्रेकच्या टाकीत ब्रेक ऑइलच घालावे. इंजिनाचे तेल घातले तर रबरी वॉशर फुगून निकामी होतात. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक उघडून जोडण्याचे काम स्वतः केले असले, तरी शेवटी जाणत्याला दाखवल्याशिवाय त्यावर माणसे बसवू नयेत.

स्टेशन वॅगनची म्हणून एक वेगळी काळजी आहे. तिच्यात बैठक आणि सामानाची जागा एकच असते. मागे पोती भरली की पाटे दबतात, पुढचे तोंड उचलले जाते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून ओझे शक्यतो मागच्या आसाच्या पुढे ठेवावे आणि मागच्या टायरांत पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हवा वाढवावी. दुसरे, अधिक गंभीर. लांब सामान बाहेर राहते म्हणून पुष्कळजण मागचे दार उघडे टाकून गाडी हाकतात. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या दारातून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मागे निजलेल्या रोग्याला किंवा लेकराला झोप लागली असे वाटते, आणि ती झोप नसते. तेव्हा मागचे दार बंदच हवे, त्याच्या कडेचे रबर शाबूत हवे, आणि सायलेन्सरला भोक पडले तर ते ताबडतोब बुजवायला हवे. याच कारणासाठी बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. टणक जमिनीवर भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत, उरलेल्या चाकांना दगड लावावेत, गाडी हलवून पाहावी, आणि मगच अंग आत घालावे.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. शाळेजवळ अशी गाडी असेल तर मुलांना एक दिवस तिच्याभोवती उभे करा. जॅक म्हणजे स्क्रूचे यंत्र, ब्रेक म्हणजे पास्कलचा नियम, रेडिएटर म्हणजे उष्णतेचे वहन, टाकीचे झाकण म्हणजे वायुभार. पुस्तकातले चार धडे तिथे एका जागी उभे आहेत. पाना कसा धरावा हे मूल शिकेलच. पण पाना उचलण्याआधी प्रश्न कसा विचारावा, हे ते शिकले तर अधिक बरे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती नव्याने करावी लागते. सरकारी तपासणी मात्र पाच वर्षांतून एकदा. आपली रोज सकाळची. पाणी, तेल, ब्रेक, टायर, दिवे. पाच मिनिटांचे काम. ते झाले असले म्हणजे रात्री कोणी दाराशी येऊन “चालू होईल ना?” असे विचारले, तर किल्ली हातात घेताना आपल्याला निःशंकपणे म्हणता येईल, “होईल. बसा.”