नवी तबकडी, जुने कान

आवडत्या गायकाचे नवे गाणे प्रसिद्ध झाले की रसिकांत तत्काळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "वा! काय रंगले आहे!" दुसरा मान हलवून म्हणतो, "पूर्वीची गोडी उरली नाही." आजची मुले एखाद्या रॉक गायकाच्या नव्या गाण्यावरून तावातावाने भांडू लागली म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक हुबळी-धारवाडच्या मराठी घरांना हा वाद अपरिचित नाही. आमच्याकडे तो तबकडीबरोबरच आला.

त्या काळची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई आणि एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. मैफलीत तासभर फुलणारा राग तेवढ्यात आवरावा लागे. तरीही त्या तीन मिनिटांचे सामर्थ्य मोठे होते. धारवाडात बालपणी गंगूबाई हनगल ग्रामोफोनचा सूर कानी पडताच रस्त्यावर धाव घेत. गदगच्या भीमसेन जोशींना अब्दुल करीमखाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने असे वेड लावले की, 1933 साली अवघ्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधार्थ त्यांनी घर सोडले. ऐकणाऱ्याचे आयुष्य बदलावे, याहून मोठी दाद कोणती?

पुढे गंगूबाईंच्याच तबकड्या निघाल्या. 1930 नंतरच्या त्या दशकात 'गांधारी' या नावाने त्यांची मराठी भावगीते घरोघरी पोहोचली, जी. एन. जोशी यांच्यासमवेत गायिलेले 'चकाके कोर चंद्राची' हे त्यांपैकीच. तो आवाज उंच, कोवळा आणि नाजूक होता. नंतर घशाच्या शस्त्रक्रियेने त्यांचा आवाज पार पालटला. तो खर्जाकडे झुकला, रुंद व करारी झाला. इकडे हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जाऊन सवाई गंधर्वांकडे तालीम घेणे चालूच होते. 1945 नंतर तर त्यांनी सुगम प्रकार बाजूस ठेवून केवळ रागगायनाचीच वाट धरली.

ज्यांनी 'गांधारी'ची भावगीते जिवापाड जपली, त्यांना हे नवे गाणे प्रथम परके वाटले असल्यास नवल नाही. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध रसिकाजवळ दोन्ही काळांतील ध्वनिमुद्रणे होती. "हा आवाज आमच्या गांधारीचा नव्हे," असे आपण वर्षभर म्हणत होतो, असे ते सांगत. पुढे एके रात्री विलंबित ख्याल ऐकताना त्यांना उमगले की, नव्या आवाजात आपण जुन्या आवाजालाच शोधत बसलो होतो. समोरचे गाणे ऐकलेच नव्हते.

धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या श्रोत्यांचीही अशीच परीक्षा झाली. मिरजेस नीळकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन, नाव झाल्यावर ते मंजीखाँसाहेबांचे शिष्य झाले आणि 1937 साली त्यांच्या निधनानंतर भुर्जीखाँसाहेबांचे. जयपूर-अत्रौलीची वाट स्वीकारणे म्हणजे मिळालेला लौकिक पणाला लावणे होते. 'पूर्वीसारखेच गा' या आग्रहापुढे ते नमले असते, तर पुढचे मन्सूर आपणांस लाभते काय?

भीमसेनांनी तर एकाच गळ्याने मराठी अभंग आणि कन्नड दासपदे घरोघरी नेली. ख्यालाचे काही अभिमानी अभंगाकडे किंचित तुच्छतेने पाहत. उलट ज्यांनी कधी ख्याल ऐकला नव्हता अशी माणसे अभंगाच्या बोटाला धरून ख्यालापर्यंत आली. आमच्यासारख्या सीमेवरच्या कुटुंबांना त्यांनी आणखीही एक देणगी दिली. सकाळी 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' आणि सायंकाळी तुकोबा, असा घराचा दिनक्रम झाला. कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलाला आणि मराठी बोलणाऱ्या आजीला एका स्वराखाली बसता आले.

आम्ही शाळेत रोज पाहतो, मुलांच्या आवडीची टिंगल केली की मुले बोलणे थांबवितात, ऐकणे थांबवीत नाहीत. ती कानात यंत्र घालून एकटी ऐकतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घराला हे परवडणारे नाही. घरातले बोलणे तुटले की भाषाही मागोमाग जाते. कारण येथे तिला उंबऱ्याबाहेर फारसा आसरा नाही.

म्हणून मुलाने नवे गाणे आणले तर ते त्याच्यासमवेत दोनदा ऐकावे आणि काय आवडले, काय खटकले हे मराठीतून विचारावे. मग आपल्याजवळची गंगूबाईंची दोन ध्वनिमुद्रणे, एक 'गांधारी'चे व एक उतारवयातील, त्याला लागोपाठ ऐकवावीत. दोन्ही आवाज एकाच बाईंचे आहेत, हे मात्र शेवटी सांगावे.