सॉरेल : एक नाव, तीन भाज्या आणि एक घोडा

इंग्रजी कोशात ‘सॉरेल’ हा शब्द काढून पाहिल्यास त्यापुढे एक आंबट पालेभाजी व तांबूस रंगाचा घोडा असे दोन अर्थ दिलेले आढळतात. भाजीचा आणि घोड्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. वस्तुतः असा संबंध मुळीच नाही. घोड्याचे नाव जुन्या फ्रेंच भाषेतील ‘सोर’, म्हणजे पिवळसर तपकिरी, या शब्दापासून निघाले. त्याच्या मुळाशी ‘वाळलेले’ या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. वाळल्या पानाचा रंग आठवला म्हणजे हा अर्थ कसा पालटला ते सहज ध्यानात येते. भाजीचे नाव मात्र ‘सूर’, म्हणजे आंबट, या दुसऱ्याच जर्मानिक शब्दावरून पडले व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले.

नाव चवीवरून पडले, आणि घोटाळ्यास तेथेच आरंभ झाला. जी जी वनस्पती जिभेस आंबट लागली तिला लोक सॉरेल म्हणू लागले. यूरोपातील कुरणांत उगवणारी सॉरेल आपल्या चुक्याच्या वंशातील होय. ‘रानची सॉरेल’ ही कुंड्यांतून आपोआप उगवणाऱ्या तीन पर्णिकांच्या आंबुशीची बहीण. जमेकात नाताळच्या सुमारास लोक ‘सॉरेल’ पितात. ते पेय लाल अंबाडीच्या फुलांखालील मांसल आवरणांत आले घालून केलेले असते. अंबाडी तर भेंडी व कापूस यांच्या कुलातील! तेव्हा परदेशी पाकपुस्तकात सॉरेल आढळल्यास ते पुस्तक कोणत्या देशातले, हे आधी पाहावे.

१७५३ साली लिनीअस याने या तिघींना रूमेक्स असेटोसा, ऑक्सॅलिस असेटोसेला व हिबिस्कस सब्दारिफा अशी निरनिराळी नावे दिली. तथापि आंबटपणा त्यालाही टाळता आला नाही. ‘असेटोसा’च्या पोटात शिरक्याचे लॅटिन नाव आहे, तर ग्रीक भाषेत ‘ऑक्सिस’ म्हणजे तीव्र, आंबट. आपला चुकाही ‘चुक्र’ या आंबट अर्थाच्या संस्कृत शब्दापासून झालेला आहे.

चुका व आंबुशी यांचा आंबटपणा मुख्यतः ऑक्झॅलिक अम्लामुळे येतो. त्याचे नावही ऑक्सॅलिसवरूनच पडले. साखरेवर नायट्रिक अम्लाची क्रिया करून मिळणारे अम्ल आणि सॉरेलमधील अम्ल ही एकच होत, असे शेले या रसायनज्ञाने १७८४ साली दाखविले. लाल अंबाडीच्या आवरणांचा आंबटपणा मात्र बहुतांशी सायट्रिक, मॅलिक इत्यादी अम्लांचा असतो.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. ऑक्झॅलिक अम्लाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा क्षार बनतो, आणि पुष्कळसे मूतखडे याच क्षाराचे असतात. म्हणून ज्यांना असा खडा झालेला आहे त्यांना वैद्य चुका जपून खावयास सांगतात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चुका न शिजविण्याची घरोघरची रीतही अम्लाच्या धातूवरील क्रियेमुळेच पडली आहे. त्याच अम्लामुळे आंबुशीचा पाला चोळला असता काळवंडलेले तांबे लखलखीत होते.