आवाज नेमका कुठे बदलतो?

जानेवारी १९८७ च्या अंकात ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने एक चाचणी छापली. सहा अ‍ॅम्प्लिफायर होते. सर्वांत स्वस्त २२० डॉलरच्या आसपासचा पायोनियरचा रिसीव्हर, सर्वांत महाग १२,००० डॉलरचा व्हॉल्व्हवर चालणारा फुटरमन. ऐकायला पंचवीस जण. त्यांतल्या काहींची अ‍ॅम्प्लिफायरगणिक आवाज बदलतो अशी खात्री होती, काहींची नव्हती. कोणता अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे हे कुणाला कळत नव्हतं आणि सगळ्यांची पातळी मोजून सारखी केलेली होती. नाणं उडवून जेवढी उत्तरं बरोबर आली असती, तेवढीच आली. खात्री असणाऱ्यांचीही तीच गत झाली.

‘पातळी सारखी’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. आवाज अर्धा डेसिबल वाढला तर तो मोठा झाला असं आपल्याला वाटत नाही. तो स्वच्छ, मोकळा, भरदार वाटतो. दुकानात दुसरा अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि बटण केसभर पुढे राहिलं, की गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो असं आपण म्हणू लागतो. म्हणून गंभीर चाचण्यांत पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात. व्होल्टेजमध्ये तो फरक जेमतेम एक टक्का असतो.

डोळेही ऐकण्यात भाग घेतात. शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीतल्या चाळीस कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण पडले. पडदा आल्यावर ते अंतर आक्रसलं. हे याच धंद्यातले लोक होते आणि कुणी खोटं बोलत नव्हतं. महाग वस्तू आपल्याला खरोखरच गोड ऐकू येते. म्हणूनच ‘माझे कान मला फसवणार नाहीत’ या वाक्यावर माझा विश्वास नाही.

मग सगळे अ‍ॅम्प्लिफायर एकच का? नाही. क्षमतेबाहेर ताणला तर कोणताही फाटतो. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या बदलत्या रोधाप्रमाणे स्वराचा तोल हलवतात, आणि तो फरक ऐकू येतो. पण तो मोजताही येतो. बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये हॉटेलच्या खोलीत बसून आपल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इतके फेरफार केले, की एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा सिग्नल त्यातून वजा केल्यावर जवळजवळ काही उरेना. ‘स्टिरिओफाइल’च्या परीक्षकांना मग दोघांतला फरक ओळखता आला नाही. सिग्नलमध्ये नाही ते कानात येणार कुठून?

वायरचा हिशेब तर घरीच करता येतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरसमोर त्याने पातळी एक दशांश डेसिबलनेही घटत नाही. सीडीहून बारीक रेकॉर्डिंगचंही तसंच. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एसएसीडीचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला होता. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली.

आवाज खरा बदलतो तो स्पीकरमध्ये आणि खोलीत. अ‍ॅम्प्लिफायरची विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजतात; खर्जात जोरात वाजणाऱ्या स्पीकरची ती सहज टक्क्यावर जाते. खोलीचा प्रताप त्याहून मोठा. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या, की सुमारे ५६ हर्ट्झला ध्वनिलहर त्यांच्यात अडकून घुमते. बेस गिटारची ‘ए’ तार ५५ हर्ट्झची आहे. आपल्याकडची ‘दहा बाय दहा’ची खोली म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच जागी, छतही साधारण तेवढ्याच उंचीवर असलं तर तिसराही तिथेच. त्या खोलीच्या मधोमध बसलं तर तो स्वर गायब होतो, कोपऱ्यात बसलं तर बदाबदा आदळतो. खुर्ची तीन फूट सरकवून होतो तेवढा बदल कोणत्याही केबलने होणार नाही. गाद्या, पुस्तकांचं भरलेलं कपाट, जाड पडदे वरच्या स्वरांचा खणखणाट शोषतात; खर्जावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही, तिथे जागाच बदलावी लागते.

तेव्हा या दिवाळीत खरेदीला निघाला असाल, तर पैशाचा मोठा वाटा स्पीकरवर टाका आणि वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या. महाग अ‍ॅम्प्लिफायरचा मोह पडलाच, तर घरचं ओळखीचं रेकॉर्डिंग न्या, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरवर शंभर हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने सारखं करायला लावा, अदलाबदल दुसऱ्या कुणाला करू द्या आणि पाठ करून बसा. दहापैकी निदान नऊ वेळा ओळखता आलं, तरच पाकीट उघडा. नुसत्या अंदाजाने तेवढी बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक असते.