खाणीची जनसुनावणी: प्रश्न विचारायला गावाने पैसे कुठून आणायचे?

गडचिरोलीतल्या सूरजागड लोहखनिज खाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव होता. त्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. खाण एटापल्ली तालुक्यात आणि सुनावणी मात्र गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक लांब. ती खाणीच्या परिसरातच घ्या, अशी मागणी तेव्हा झाली होती.

मुद्दा फक्त अंतराचा नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं खिशातून भरून आदिवासी कुटुंबाने तिथे यायचं आणि तांत्रिक अहवालावर हरकत नोंदवायची. हा खर्च कोणी करायचा?

नियम काय सांगतो?

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या खाणींसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास व्हावी आणि लोकांना किमान ३० दिवसांची मुदत मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान किती लोक हजर हवेत, याची अट नाही.

अहवाल कोण तयार करतं?

कंपनीने नेमलेला सल्लागार. त्याचे पैसेही कंपनीच देते. पूर्ण अहवाल साधारणपणे इंग्रजीत असतो, स्थानिक भाषेत मिळतो तो सारांश. भूजल, धूळ, जंगल यांची आकडेवारी तपासायला गावाला स्वतःचा तज्ज्ञ हवा असेल, तर त्यासाठी अधिसूचनेत कुठलाही निधी नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे खाणींचा पैसा जमा होतो, पण तो खाण सुरू झाल्यावर आणि बाधित भागातल्या कामांसाठी.

इतर देशांत काय होतं?

कॅनडाच्या २०१९ च्या कायद्याने सरकारी यंत्रणेला सहभाग निधी योजना ठेवणं बंधनकारक केलं आहे. कागदपत्रं तपासणं, तज्ज्ञ नेमणं, सुनावणीला येणं यासाठी नागरिक आणि आदिवासी समाज अर्ज करू शकतात. ही पद्धत या कायद्याच्याही आधीची आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या 'न्यू प्रॉस्पेरिटी' या सोने-तांब्याच्या खाणीच्या सुनावणीत त्सिल्कोतिन समाजाने आपली बाजू मांडली. सरकारने २०१४ मध्ये ती खाण नाकारली.

अर्थात निधी मिळाला म्हणजे नकाराधिकार मिळाला, असं नाही. निधी पुरत नाही, अशी तक्रार तिथेही होते. पण प्रश्न विचारण्याचा खर्च फक्त गावावर पडत नाही.

आपल्याकडे मग काय आहे?

पेसा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनी ग्रामसभेला अधिकार दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ओडिशातल्या नियमगिरीत बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली. तिथे निर्णय गावातच झाला, लोकांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं नाही.

हा प्रश्न फक्त खाणींचा आहे का?

नाही. मीरा-भाईंदरमध्ये मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धे आणि मोरवा या गावांच्या परिसरात होणार होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेण्यात आली. मेट्रो २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाही, त्यामुळे अशा प्रकल्पाला त्या अधिसूचनेखालची जनसुनावणी लागू होत नाही. मोरव्याला सुनावणीचा मार्ग नव्हता. एटापल्लीला तो होता, पण तिथवर पोहोचण्याचा खर्च लोकांवरच होता.

उपाय काय असू शकतो?

कंपनीने प्रकल्पाच्या खर्चातून ठरावीक रक्कम स्वतंत्र यंत्रणेकडे भरावी आणि त्या यंत्रणेने ग्रामसभांना तज्ज्ञ, भाषांतर आणि प्रवासाचा खर्च द्यावा, हा एक मार्ग. पैसे थेट कंपनीने दिले, तर गावाच्या मतावरच संशय घेतला जाईल. आणि सुनावणी गावाजवळ घेणं तर आजच्या नियमातही आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.